शाहीर पठ्ठे बापूराव : जीवन व कार्य
(इ. स. १८६६ ते १९४५)

सह्याद्रीच्या कुशीत वसलेल्या शाहूवाडी तालुक्याला शाहिरीची परंपरा नवी नाही. इ. स. १६६० च्या जुलै महिन्यात याच तालुक्यातील घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि त्यांच्या मावळ्यांनी छत्रपती शिवरायांसाठी प्राण वेचले आणि ती खिंड पावनखिंड झाली. तेव्हापासून विशाळगडाच्या वाटेवरील या पराक्रमाचे पोवाडे डफाच्या तालावर पिढ्यान्‌पिढ्या गाइले गेले. पोवाड्याने या मुलखाला शौर्य शिकविले, तर लावणीने त्याच्या कष्टाच्या दिवसांना विरंगुळा दिला. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा भरतात. रात्री देवाचा छबिना निघतो, पालखी गावभर फिरते, दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचे मैदान होते आणि तमाशाचा फड उभा राहतो. या फडात पहिला मान गणरायाचा असतो. ढोलकीवर थाप पडते, तुणतुणे लागते आणि कलावंत गण गाऊन देवाला आवाहन करतात.

जत्रेत गाइल्या जाणाऱ्या या गणांमध्ये ज्यांची रचना आजही मोठ्या आदराने गाइली जाते, ते शाहीर म्हणजे पठ्ठे बापूराव. शाहूवाडीच्या उत्तरेस वाहणारी वारणा ओलांडली की शिराळा तालुका लागतो आणि त्याच्या पूर्वेस वाळवा तालुका. या वाळवा तालुक्यातील कृष्णाकाठच्या रेठरे हरणाक्ष या गावी त्यांचा जन्म झाला. शेजारच्या मुलखातील हा शाहीर पुढे साऱ्या महाराष्ट्राचा झाला. जत्रेस येणाऱ्या भाविकांना त्यांचे नाव ठाऊक असते. परंतु त्या नावामागील आयुष्य किती खडतर होते, याची माहिती थोड्यांनाच असते. ती येथे संक्षेपाने दिली आहे.

जन्म आणि बालपण

पठ्ठे बापूराव यांचे मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. त्यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८६६ रोजी झाला. त्या काळी वाळवा तालुका सातारा जिल्ह्यात मोडत असे; सांगलीचा स्वतंत्र जिल्हा पुष्कळ पुढे, १९४९ साली, दक्षिण सातारा या नावाने अस्तित्वात आला. कुलकर्णी घराणे ब्राह्मण असून गावाचे कुलकर्णी वतन त्यांच्याकडे होते. गावची जमीन, सारा, पीकपाणी आणि येणे-बाकी यांचा हिशेब कुलकर्ण्याच्या दप्तरात असे. पाटलाच्या हाती गावाचा अधिकार आणि कुलकर्ण्याच्या हाती गावाची लेखणी, अशी ही जुनी व्यवस्था होती. ज्या काळी गावातील बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, त्या काळी कुलकर्ण्याच्या घरातील मुलाला लेखणी जन्मतःच लाभत असे. श्रीधर यांनाही ती लाभली. शिक्षणासाठी काही काळ ते औंध येथेही होते.

घरी संस्कार पुराणांचे, स्तोत्रांचे आणि पंडित कवींच्या काव्याचे होते. अंगणाबाहेर मात्र निराळे काव्य नांदत होते. पहाटे जात्यावर बायका ओव्या गात, शेतात मोटेवर गाणी चालत आणि रात्री गावकुसाबाहेरच्या वस्तीत ढोलकी व हलगी घुमत असे. रामायण-महाभारतातील कथा तेथेही होत्या. परंतु त्या पोथीतून वाचल्या जात नसत, गळ्यातून गाइल्या जात. श्रीधर यांचे मन या दुसऱ्या काव्याकडे ओढले गेले आणि अगदी लहान वयातच ते पदे जुळवू लागले.

कृष्णाकाठची शाहिरी

त्या वेळी कृष्णाकाठी तमाशाची कला मोठ्या भरात आली होती. पेशवाईत रामजोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, प्रभाकर, सगनभाऊ आणि परशराम यांनी लावणीला वैभव मिळवून दिले होते. पेशवाई बुडाल्यावर दरबारचा आश्रय संपला. पण कला मेली नाही. गावोगावच्या जत्रांनी तिला आधार दिला आणि महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतील कलावंतांनी ती प्राणपणाने जपली. तासगाव तालुक्यातील सावळजचे उमा आणि बाबू हे मांग समाजातील कलावंत याच परंपरेतील होते. त्यांचा मोहना-बटाव हा तमाशातील पहिला वग मानला जातो. वगामुळे तमाशाला सलग कथानक मिळाले. सुट्या लावण्यांचा कार्यक्रम रात्रभर चालणाऱ्या नाट्याचे रूप घेऊ लागला.

वगाला मात्र कवी लागतो. कथा रचणारा, पात्रांच्या तोंडी पदे घालणारा, सवालाला जबाब लिहून देणारा माणूस ज्या फडाजवळ असेल, तो फड जत्रेत जिंकत असे. फडातील कलावंतांजवळ गळा होता, ताल होता, अभिनय होता आणि पाठांतराची विलक्षण शक्ती होती. लिहिण्यावाचण्याची वाट मात्र समाजाने त्यांना बंद ठेवली होती. रेठऱ्याच्या तरुण कुलकर्ण्याने आपली लेखणी त्यांच्या हाती दिली. आरंभी गावातील फडासाठी त्यांनी रचना करून दिल्या, नंतर ते तालमींना बसू लागले आणि अखेरीस स्वतःच फडात उभे राहिले.

वतनाचा त्याग

ब्राह्मण कुळातील वतनदाराने महार-मांगांच्या पंगतीला बसून तमाशा करावा, ही गोष्ट त्या काळच्या समाजाला मानवणारी नव्हती. आप्तेष्ट दुरावले, जातीचा रोष ओढवला. घर, वतन आणि मानमरातब एका बाजूला व ढोलकी दुसऱ्या बाजूला, असा प्रसंग उभा राहिला. त्यांनी ढोलकी निवडली. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे नाव मागे पडले आणि पठ्ठे बापूराव हे नाव पुढे आले. हीच त्यांच्या कवनांच्या अखेरीस येणारी नाममुद्रा ठरली.

त्यांच्या आधीही दोन मोठ्या ब्राह्मण शाहिरांनी ही वाट चोखाळली होती. सोलापूरचे रामजोशी हे विद्वान घराण्यातील होते. तमाशाच्या नादाने त्यांनी घर सोडले. पुढे ते कीर्तनाकडे वळले आणि पन्हाळगडी जन्मलेल्या कविवर्य मोरोपंतांच्या आर्या त्यांनी कीर्तनातून लोकप्रिय केल्या. संगमनेरचे अनंत फंदी यांनी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या उपदेशावरून डफ टाकून कीर्तनाचा मार्ग धरला, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. या दोघांनाही देवळाच्या सभामंडपात परत येण्याची वाट सापडली आणि समाजाने त्यांना पुन्हा आपले म्हटले.

बापूरावांनी ती वाट धरली नाही. ज्यांच्याबरोबर त्यांनी फड उभारला, त्यांना सभामंडपात प्रवेश नव्हता. कीर्तनकार होऊन ते एकटे आत जाऊ शकले असते. ते अखेरपर्यंत तमाशातच राहिले आणि देवाचे जे गुणगान करावयाचे, ते त्यांनी फडाच्या मंचावरूनच केले.

पवळाबाईंची साथ

बापूरावांच्या फडाचे नाव घेताना पवळाबाई हिवरगावकर यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा हे त्यांचे गाव. त्यांचा जन्म महार कुटुंबात झाला. पूर्वी तमाशात स्त्रीची कामे मुलगेच करीत. लुगडे नेसून, पायात चाळ बांधून नाचणाऱ्या अशा मुलाला नाच्या पोऱ्या म्हणत. तमाशाच्या मंचावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून पवळाबाईंचे नाव घेतले जाते. रूप, गळा आणि अदाकारी यांचा दुर्मीळ संगम त्यांच्या ठायी होता.

बापूरावांचे शब्द आणि पवळाबाईंचा स्वर एकत्र आले आणि त्यांच्या फडाला महाराष्ट्रभर कीर्ती मिळाली. गौळणीतील राधा, वगातील राणी आणि लावणीतील नायिका पवळाबाईंच्या रूपाने प्रेक्षकांसमोर उभी राहू लागली. कागदावरचे कवन लोकांच्या ओठांवर जाण्यासाठी गाणाऱ्याचा गळा लागतो. त्यामुळे बापूरावांच्या यशात पवळाबाईंचा वाटा बरोबरीचा मानावा लागतो. ब्राह्मण शाहीर आणि महार कलावंत स्त्री यांची ही जोडी पाहण्यास खेड्यापाड्यांतून बैलगाड्या जुंपून लोक येत. त्यात कौतुक होते तशी निंदाही होती. जातिभेद मोडल्याचा दोष बापूरावांच्या माथी आला. परंतु या साऱ्या निंदेचा अधिक भार पवळाबाईंनाच सोसावा लागला, हे नमूद केले पाहिजे.

रचनांचे स्वरूप

बापूरावांच्या रचना समजून घेण्यासाठी तमाशाचा क्रम ध्यानी घ्यावा लागतो. आरंभी गण. यात गणपतीला व त्याबरोबर सरस्वतीसारख्या देवतांना वंदन करून कार्य निर्विघ्न पार पडावे अशी प्रार्थना असते. बापूरावांचे गण भक्तिभावाने ओथंबलेले, तरी सुलभ आहेत. शेतकरी जसा आपल्या घरच्या वडीलधाऱ्याला बोलावितो, तशी त्यांत देवाला हाक असते.

गणानंतर गौळण. मथुरेच्या बाजारी दूध-दही घेऊन निघालेल्या गवळणी, त्यांची वाट अडविणारा श्रीकृष्ण, त्याचा सवंगडी पेंद्या आणि गवळणींची मावशी हा प्रसंग अठरापगड जातींच्या प्रेक्षकांना हसवितो. या विनोदाच्या आड भक्तीचा प्रवाह वाहत असतो. गवळणींनी दान द्यावे म्हणून अडून बसलेला कृष्ण म्हणजे अहंकार मागून घेणारा परमात्मा, असा अर्थ परंपरेने लावला आहे. संत एकनाथांच्या गौळणी ज्यांच्या कानी आहेत, त्यांना या दोहोंतील नाते सहज जाणवते.

यापुढे रंगबाजीच्या लावण्या, झगड्याच्या लावण्या आणि भेदिक लावण्या येतात. भेदिक लावणी हा विद्वत्तेचा प्रांत होय. कलगी आणि तुरा असे शाहिरांचे दोन पक्ष. कलगीवाले शक्तीचे श्रेष्ठत्व सांगत, तर तुरेवाले शिवाचे. एकाने पुराणातील अथवा अध्यात्मातील कूट प्रश्न पदातून विचारावा आणि दुसऱ्याने पदातूनच त्याचे उत्तर द्यावे, असे हे सवाल-जबाब रात्र रात्र चालत. अक्षरशत्रू श्रोत्यांना प्रकृती-पुरुष, जीव-शिव, पंचमहाभूते यांची ओळख या फडांतून झाली. बापूरावांचा पुराणांचा व्यासंग येथे कामी आला. घरच्या पोथ्यांमधील ज्ञान त्यांनी फडाच्या भाषेत उतरविले आणि ज्यांच्यापर्यंत ते कधी पोहोचले नसते, त्यांच्यापर्यंत पोहोचविले.

शेवटी वग. बापूरावांच्या वगांमध्ये मिठाराणीचा वग विशेष गाजला. वगातील पदे बांधलेली असत. संवाद मात्र कलावंत मंचावर आयत्या वेळी रचीत. त्यामुळे प्रत्येक प्रयोग नवा वाटे आणि पहाट होईपर्यंत प्रेक्षक जागचा हलत नसे.

त्यांच्या लावण्यांची संख्या दोन लक्ष असल्याचा उल्लेख परंपरेत केला जातो. ही मोजदाद शाहिरी थाटाची समजली, तरी त्यांची रचना विपुल होती यात संशय नाही. फडाच्या धावपळीत, मागणीनुसार, कधी तर प्रयोगाच्या दिवशीच रचलेली ही कवने कलावंतांच्या मुखी राहिली. ज्याच्या जवळ जे पाठ होते, ते त्याच्याबरोबर गेले. १९५८ साली त्यांच्या ढोलकीवरील लावण्या तीन भागांत प्रसिद्ध झाल्या. छापून आलेला हा भाग मूळ रचनेचा अल्प अंशच म्हणावा लागेल.

राजर्षींची नगरी

बापूरावांच्या उमेदीचा काळ आणि करवीरचे राजर्षी शाहू छत्रपती यांच्या कारकिर्दीचा काळ एकच होय. १८९४ साली राज्यकारभार हाती आल्यापासून १९२२ साली निधन होईपर्यंत शाहू महाराजांनी कुस्ती, संगीत, नाट्य आणि शाहिरी या कलांना उदार आश्रय दिला. बापूरावांनी महाराजांसमोर मिठाराणीचा वग सादर केला होता. खेड्यातील जत्रेत रंगणारा तमाशा छत्रपतींसमोर सादर व्हावा, हा त्या कलेचा आणि कलावंतांचा मोठा गौरव होता.

येथे एक योगायोग ध्यानी घेण्याजोगा आहे. शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानातील कुलकर्णी वतने खालसा करून पगारी तलाठी नेमण्याची पद्धत सुरू केली. लेखणीच्या बळावर एकाच वर्गाची गावावर चालणारी सत्ता मोडावी, हा त्यामागील हेतू होता. बापूराव हे संस्थानाबाहेरच्या ब्रिटिश मुलखातील कुलकर्णी. त्यांना असा कोणताही हुकूम झालेला नव्हता. तरीही या हुकमाच्या कितीतरी आधी त्यांनी वतनाकडे स्वेच्छेने पाठ फिरविली आणि तीच लेखणी गावकुसाबाहेरच्या कलावंतांसाठी झिजविली.

मुंबईतील दिवस

खेड्यांतून दुष्काळाने आणि कर्जाने बाहेर पडलेली माणसे त्या काळी मुंबईच्या कापड गिरण्यांकडे जात होती. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी येथील हजारो कुटुंबांचा पोशिंदा गिरणगावात राबत होता. दिवसपाळी-रातपाळीच्या कष्टांनंतर या कामगारांना गावाकडची ढोलकी हवी असे. त्यांच्यामागोमाग तमाशाचे फडही मुंबईस गेले आणि तेथील तमाशा थिएटरांतून बापूरावांचे खेळ गाजू लागले. तिकीट लावून होणाऱ्या या खेळांना अलोट गर्दी लोटे.

या नगरीवर बापूरावांनी रचलेली मुंबईची लावणी विलक्षण लोकप्रिय झाली. शहराचा झगमगाट, बाजारपेठा, गाड्या-घोडे, नाना धर्मांची व नाना वेषांची माणसे यांचे खेडूताच्या विस्फारलेल्या डोळ्यांनी टिपलेले हे चित्र आहे. शतकापूर्वीची मुंबई कशी होती, हे जाणण्यासाठी अभ्यासकही या लावणीकडे वळतात. ज्या परिसरात जुनी तमाशा थिएटरे होती, तेथील फॉकलंड रोडला पुढे पठ्ठे बापूराव मार्ग असे नाव देण्यात आले.

न स्वीकारलेली देणगी

मुंबईच्या दिवसांतील एक हकीकत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चळवळीच्या इतिहासात नोंदलेली आढळते. अस्पृश्यांच्या हक्कांसाठी चाललेल्या लढ्यास आपल्या तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देण्याची इच्छा बापूरावांनी व्यक्त केली. बाबासाहेबांना निधीची निकड होती. तरीही त्यांनी ती देणगी स्वीकारली नाही. अस्पृश्य समाजातील स्त्रीला मंचावर नाचवून मिळविलेला पैसा त्याच समाजाच्या स्वाभिमानाच्या लढ्यास नको, अशी त्यांची भूमिका होती.

बापूरावांच्या चरित्रातील हा प्रसंग झाकून ठेवण्याजोगा नाही. त्यांचा हेतू शुद्ध होता. ज्या समाजाच्या साथीने आपण नाव मिळविले, त्याचे ऋण फेडावे असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही. परंतु तिकीट काढून येणाऱ्या गर्दीची नजर कलावंत स्त्रीकडे कोणत्या भावनेने पाहते, हा बाबासाहेबांनी उभा केलेला प्रश्नही तितकाच खरा होता. जातीची भिंत बापूरावांनी स्वतःपुरती ओलांडली. ते जेव्हा वस्तीत गेले, तेव्हा त्यांनी प्रतिष्ठा गमावली. पवळाबाईंना मात्र गमावण्यासाठी समाजाने प्रतिष्ठा दिलीच नव्हती. दान देणाऱ्याने, त्या द्रव्यामागे कोणाचे कष्ट आणि कोणाचा सन्मान खर्ची पडला आहे, याचा विचार करावा, एवढा बोध या हकीकतीतून सर्वांनाच घेता येईल.

देवळाचे दार

गणात ज्या देवाला आळवावयाचे, त्याच्या गाभाऱ्यापर्यंत जाण्याची मुभा त्या काळी फडातील बहुतेक कलावंतांना नव्हती. देवळापुढे उभे राहून त्यांनी हजेरी द्यावी, गावाने ऐकावे, इनाम द्यावे आणि त्यांनी बाहेरूनच हात जोडावेत, अशी रीत होती. ही रीत जुनी होती. संतश्रेष्ठ चोखामेळा यांची समाधी पंढरपुरास महाद्वाराबाहेर आहे, ती याच इतिहासाची साक्ष होय.

काळ हळूहळू पालटत होता. शाहू महाराजांनी १९१९ साली सार्वजनिक ठिकाणी, शाळांत व दवाखान्यांत अस्पृश्यता न पाळण्याचे हुकूम काढले. १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरी प्राण पणाला लावून उपोषण केले आणि श्रीविठ्ठलाचे मंदिर सर्वांना खुले झाले. पवळाबाईंचे निधन १९३९ साली झाले, बापूरावांचे १९४५ साली. ज्यांच्या गणाने आणि गौळणीने अगणित जत्रांचा आरंभ झाला, त्या दोघांनाही पंढरीचे ते दार उघडलेले पाहता आले नाही.

उतरता काळ

तमाशाच्या व्यवसायात बहरात असताना पैसा येतो आणि बहर ओसरला की तो थांबतो. फडातील वीस-पंचवीस माणसांचा चरितार्थ, गाड्या, कनाती, वाद्ये आणि पावसाळ्याचे बेकारीचे चार महिने यांचा खर्च फडमालकालाच उचलावा लागे. बापूराव स्वभावाने सढळ होते. संचय त्यांना जमला नाही. पुढे पवळाबाई व बापूराव यांचे मार्ग वेगळे झाले. फडाची पूर्वीची घडी बसली नाही. बोलपट आले आणि शहरातील प्रेक्षक तिकडे वळला. वय झाले, आवाज थकला आणि विपन्नावस्था आली.

२२ डिसेंबर १९४५ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ७९ वर्षांचे होते. ज्यांच्या लावण्यांवर अनेक फडांनी आपला संसार चालविला, त्यांचे अखेरचे दिवस दारिद्र्यात गेले.

मरणोत्तर स्मृती

निधनानंतर मात्र त्यांच्या नावाचा मान वाढत गेला. १९५० साली त्यांच्या जीवनावर पठ्ठे बापूराव हा मराठी चित्रपट निघाला. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांनी त्यांची गणना पेशवाईतील थोर शाहिरांच्या मालिकेतील अखेरच्या मोठ्या शाहिरांत केली. नारायणगावचे भाऊ-बापू आणि त्यांच्या वंशातील तमाशासम्राज्ञी विठाबाई (१९३५–२००२) यांच्यासारख्या कलावंतांनी ढोलकीफडाची परंपरा पुढे नेली. विठाबाईंच्या नावाने महाराष्ट्र शासन तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. ज्या कलेला एके काळी उंबऱ्याबाहेर ठेवले, तिला शासनाने व समाजाने दिलेली ही मान्यता होय. तथापि फडातील सामान्य कलावंताचे जिणे अजूनही सुपारीवर आणि पावसापाण्यावर अवलंबून असते, हेही विसरता येणार नाही.

पठ्ठे बापूराव यांनी आपल्या आयुष्यात वतन सोडले, घर सोडले, जातीचा मान सोडला; पण गण सोडला नाही. मंदिरात पुजारी मंत्राने देवाला जागवितो, वारकरी अभंगाने आळवितो आणि जत्रेच्या रात्री शाहीर गणाने बोलावितो. तिन्ही सेवा एकाच चरणी रुजू होतात. यात्रेस आलेल्या भाविकांच्या कानी रात्री दूरवरून ढोलकीची थाप आणि गणाचे स्वर आले, तर त्यांनी क्षणभर थांबून ते ऐकावेत. ती शब्दांची पूजा रेठऱ्याच्या एका कुलकर्ण्याने बांधली आणि हिवरगावच्या पवळाबाईंसारख्या कलावंतांनी, मंदिराबाहेर उभे राहून, ती देवापर्यंत पोहोचविली, याचे स्मरण ठेवावे.

शाहीर पठ्ठे बापूराव, पवळाबाई हिवरगावकर आणि त्यांच्या फडातील सर्व ज्ञात-अज्ञात कलावंतांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.